शेवटची सुई कोणी दिली?

वैनगंगाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. तीन वर्षांपासून इथे वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदा बसले. मी एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. धानाचा पट्टा, भोवती जंगल. गाव, तालुका सांगत नाही, कृपया कोणी विचारू नये.

रोवणीचे दिवस होते. माझी नाईट. तीस खाटा, खालच्या मजल्यावर लेबर रूम, आणि ड्युटीवर मी एकटी सिस्टर, सोबत एक मावशी. सात पदं मंजूर आहेत, भरलेली चार. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर.

पहाटे तीनला मोटारसायकलवर मधे बसवून एका मुलीला आणलं. वय एकोणीस. पोटात दुखतं, दोन उलट्या झाल्या. स्वतःच्या पायांनी चालत आत आली, माझ्याशी बोलली. नाडी, बीपी बघितलं, सगळं ठीक. डॉक्टर साहेबांना क्वार्टरवर फोन लावला. त्यांनी दिवसभर ओपीडी काढली होती आणि संध्याकाळी दोन शवविच्छेदनं केली होती. आवाज झोपेतला होता. म्हणाले, "पॅन आणि एमसेट द्या, सलाईन लावा, मी येतो." तीन वाजून दहा मिनिटांनी मी विगो (शिरेतली नळी) लावून दोन्ही इंजेक्शनं दिली, एक आम्लपित्ताचं, एक उलटीचं.

विगोवर चिकटपट्टी लावताना माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेलं. पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. आधी वाटलं, ट्यूबलाइटचा उजेड लागत असेल. म्हटलं, "बाळा, वर बघ." तिने कपाळाला आठ्या घातल्या, भुवया उचलल्या, पण पापण्या काही वर जाईनात. "पाणी गिळता येतं का?" विचारलं तर उत्तर नाकातून आलं. माझ्या पोटात गोळा उठला. आईला विचारलं, "झोपली कुठे होती?"

"खालीच निजली होती ना बाई, पडवीत. चटईवर. उकडून राहिलं होतं म्हने."

मण्यार. रात्रीच्या वेळी जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की वण दिसत नाही, सूज येत नाही, कित्येकदा माणसाला जागही येत नाही. पहिली तक्रार पोटदुखीची असते. मग पापण्या, मग घसा, मग श्वासाचे स्नायू. मी दुसरा फोन केला आणि एवढंच बोलले, "सर, पापण्या पडल्यात, लगेच या." ते बनियनवर धावत आले. तोवर मी रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी लावून ठेवली होती, सर्पविषाच्या लसीच्या दहा कुप्या आणि अॅड्रेनॅलिनची सिरिंज काढून ठेवली होती. रक्त नीट गोठलं. मण्यारीत गोठतंच, ती मज्जातंतूंवर जाते. लस सुरू केली. १०८ ला फोन केला. गाडी येईपर्यंत श्वास उथळ झाला, तेव्हा हाताने श्वास द्यायची अंबू बॅग दाबत उभी राहिले. व्हेंटिलेटर आमच्याकडे नाही, तो जिल्ह्याला. सोबत जायची माझी फार इच्छा होती, पण खाली लेबर रूममध्ये आठ सेंटिमीटरवर आलेली, बाळंतपणाच्या बेतातली बाई होती. तिला कोणाच्या भरवशावर सोडू?

सकाळी सातच्या सुमारास जिल्हा रुग्णालयात मुलगी गेली.

नऊ वाजता मी ओव्हर देऊन नोट्स पूर्ण करत होते. तीस-पस्तीस माणसं आत आली. "कोन्त्या सिस्टरनं सुई देल्ली?" मी म्हटलं, मीच दिली. पुढचं लिहीत नाही. माझा अंबाडा सुटला होता आणि चष्मा जमिनीवर होता, एवढं आठवतं. तिची आई मात्र मारायला आली नव्हती. ती दारात बसून सारखं एकच सांगत होती, "बोलत आली होती माह्यी पोरगी. सुई देल्ली अन् डोये मिटले."

मला त्या माऊलीचा राग नाही. तिने जे पाहिलं ते तसंच घडलं होतं. तिने सुई पाहिली, साप पाहिला नाही.

राग कशाचा आहे ते सांगते. आठ दिवसांनी मला मेमो आला. "डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय इंजेक्शन दिल्याबाबत खुलासा करावा." केसपेपरवर डॉक्टरांची पहिली नोंद ३.३५ ची आहे. ३.१० चा फोनवरचा आदेश फक्त माझ्या अक्षरात आहे. एका सिस्टरमागे किती खाटा होत्या, व्हेंटिलेटर का नाही, १०८ ला पाऊण तास का लागला, यावर एक ओळ नाही. व्हिसेऱ्याचा (शवविच्छेदनात काढलेल्या अवयवांच्या तपासणीचा) अहवाल अजून यायचा आहे. येत्या गुरुवारी चौकशीला बोलावलंय. बारा वर्षांच्या नोकरीत हा पहिला मेमो.

सल्ला हवा आहेच. पण खरं म्हणजे हे कोणाला तरी सांगायचं होतं. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणतात, सोड ती नोकरी.

---

पऱ्हाटीवाला

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातला. शेतकरी आहो. लिहायची सवय नाही, पन हे वाचून गप बसवलं नाही.

२०१७ साली फवारनीत विषबाधा झाली, कितीक मानसं गेली, ते तुम्हाले मालूम असंनच. माह्या भावालेही झाली होती. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. एका खाटेवर दोन-दोन पेशंट. त्याले अॅट्रोपिन चालू होतं. त्या औषधानं मानूस भ्रमिष्टावानी करते, हातपाय झाडते, म्हनून त्याचे हात खाटेले बांधले होते. मले वाटलं सिस्टरनं सूड म्हनून बांधले. मी तिले लय बोललो. वाट्टेल ते बोललो.

तिनं उलटून काई म्हटलं नाही. दर पाच-धा मिनिटानं बॅटरी घेऊन याची, त्याच्या डोयाची बाहुली पाहाची, छातीले नळी लावून आयकाची, कागदावर लिवाची, दुसऱ्या खाटेवर जाची. अख्खी रात. पहाटे मले म्हने, "भाऊ, बाहुली मोठी झाली, घाम सुकला, आता डोस कमी करतो." तवा समजलं का ते काय पाहून राहिली होती.

भाऊ वाचला. दवाखान्यात मंत्री आले, फोटो निंगाले. त्या सिस्टरचं नाव मी इचारलंही नाही. आज तुम्हाले सांगतो, माफ करा. तिले सांगता येत नाही म्हनून तुम्हाले सांगतो.

---

धारणीकर

आमच्या मेळघाटात एएनएम (उपकेंद्राची परिचारिका) पावसाळ्यात नाला ओलांडून लसीचा डबा डोक्यावर नेते. आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे, कागदावर ठीक दिसतो. पण ती तीन हजार माणसं किती पाड्यांत विखुरलेली आहेत हे निकषात नाही. बालमृत्यू झाला की पहिला फोन तिलाच जातो, "गृहभेट कधी दिली होती?"

---

नाव नको

धागाकर्तीबद्दल सहानुभूती आहे. तरीही दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका.

माझ्या बायकोच्या पहिल्या बाळंतपणात लेबर रूममधून सिस्टरचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. जे शब्द वापरले ते इथे लिहिता येणार नाहीत. मांडीवर चापटी मारली. बायको आजही त्या दवाखान्याच्या रस्त्याने जात नाही. दुसऱ्या वेळी आम्ही कर्ज काढून खाजगीत गेलो. आणि घाटंजी तालुक्यातलं प्रकरण विसरलात का? ३१ जानेवारी २०२१, पोलिओच्या थेंबांऐवजी १२ लेकरांना सॅनिटायझर पाजलं. लेकरं वाचली हे नशीब. दोन बाटल्यांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांना जबाबदार धरायचं नाही, तर मग कोणाला?

---

निवृत्त परिसेविका

नाव नको, तुमच्या पत्नीला जे सोसावं लागलं ते चूकच. त्याला कामाचा ताण, अपुरी माणसं हे उत्तर मी देणार नाही. ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा लेबर रूममध्ये. कळा देताना बाईवर ओरडायचं असतं असंच आम्हाला सीनियर सिस्टरांनी शिकवलं होतं, आणि सुरुवातीची काही वर्षं मीही ओरडले. एका बाईने जाताना माझा हात धरून विचारलं, "बाई, तुम्हाला लेकरू झालं तवा तुमच्यावर कोनी वरडलं होतं का?" त्यानंतर माझा आवाज चढला नाही. अशा वागण्याची तक्रार झालीच पाहिजे, कारवाईही झाली पाहिजे.

घाटंजीचंही तसंच. चूक गंभीर होती. कारवाई झाली ती त्या बूथवर हजर असलेल्या तिघांवर. ठीक आहे. पण सारख्या दिसणाऱ्या बाटल्या एकाच टेबलावर येतात कशा, बूथवर माणसं नेमताना प्रशिक्षण कोणाला किती तास दिलं, हे विचारल्याशिवाय तीच चूक दुसऱ्या गावात होऊ शकते. माणूस बदलला आणि टेबल तेच राहिलं, तर काय बदललं?

या धाग्यातल्या सिस्टरची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिच्या हातून चूक झालेली नाही. तिने पापण्या पाहिल्या. मी सांगते, पहाटे तीनला पोटदुखीच्या पेशंटच्या पापण्या बघणारी माणसं फार थोडी असतात.

वैनगंगाकाठ, तुला नंतर सविस्तर लिहिते. आत्ता एकच काम कर, केसपेपरची, ड्युटी रजिस्टरची आणि स्टॉक रजिस्टरची प्रत आजच मागून घे. लेखी अर्ज कर, पोच घे.

---

भंडारेकर

आमच्या भंडाऱ्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ९ जानेवारी २०२१ ची मध्यरात्र. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली, सात वाचवली. त्या आईबापांसमोर कोणतंच बोलणं पुरं पडत नाही, त्यातल्या एका घरी मी भेटायला गेलो होतो.

कारवाईत जिल्हा शल्यचिकित्सकांचं निलंबन झालं, आणखीही काहींवर झाली, हे खरं. पण पोलिसांनी गुन्हा दाखल केला तो त्या रात्री ड्युटीवर असलेल्या दोन परिचारिकांवर. दोघी कंत्राटी. सदोष मनुष्यवधाचं कलम. कक्षात आग विझवायची धड व्यवस्था नसणं हा कोणाचा दोष, ते कलम कोणावर लागलं? दोन्ही गोष्टी मनात एकदम ठेवणं अवघड जातं. बाळांसाठी न्याय हवाच. पण त्या दोघींवर गुन्हा दाखल करून तो मिळत होता का, असा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

---

खेड्यातला एमओ

मी वैद्यकीय अधिकारी आहे, विदर्भातच, वेगळ्या जिल्ह्यात. इथे डॉक्टरच्या बाजूनेही कोणी बोलावं म्हणून आलो होतो, पण वाचल्यावर वेगळंच लिहायचं ठरवलं.

रात्री फोनवर आदेश मीही देतो. सलग छत्तीस तास जागा असलेला माणूस प्रत्येक पोटदुखीला उठून येऊ शकत नाही. हे चुकीचं आहे हे मान्य, पण तसंच चालतं. मात्र आल्यावर पहिलं काम केसपेपरवर "३.१० ला फोनवरून अमुक आदेश दिला" असं लिहून सही करणं हे आहे. त्याला एक मिनिट लागतं. तुमच्या साहेबांनी ते गडबडीत केलं नसेल, समजू शकतो. पण मेमो आल्यावर तरी त्यांनी वरिष्ठांना लिहून द्यायला हवं होतं की आदेश माझा होता. अजूनही देता येईल. ताई, त्यांना समोर बसून सांगा. मी त्यांच्या जागी असतो तर मला लाज वाटली असती आणि मी लिहून दिलं असतं.

आणखी एक. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निष्काळजीपणाच्या आरोपात डॉक्टरला ऊठसूट अटक करू नये, आधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं स्वतंत्र मत घ्यावं. आमची पाठ त्यामुळे थोडी सुरक्षित झाली. सिस्टरांच्या बाबतीत पोलीस ते लक्षात घेतातच असं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, अकरा रुग्ण गेले. काही दिवसांतच अटक झाली ती एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना. केरळच्या उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये परिचारिकांनाही असं संरक्षण हवं असं म्हटलं. आपल्याकडे संघटनांनी ही मागणी लावून धरायला हवी, आणि डॉक्टरांच्या संघटनांनी त्यांच्या बाजूला उभं राहायला हवं.

---

वरोऱ्याची

सरकारी सिस्टरना निदान मेमो येतो, खुलासा देता येतो. मी खाजगीत आहे. जीएनएम, नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स. पगार साडेआठ हजार, बारा तास. मूळ मार्कशीट मालकांकडे जमा. पेशंट दगावला आणि नातेवाईक चिडले की मालक सगळ्यांसमोर म्हणतात, "त्या सिस्टरला काढून टाकलं." पेशंटचे लोक शांत होतात. माझ्या आधीच्या मुलीचं असंच झालं, तिचा त्या दिवशी वीकली ऑफ होता.

सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली होती की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी दवाखान्यातही नर्सला किमान वीस हजार मिळावेत. मी हे छापून पर्समध्ये ठेवलंय. दाखवायची हिंमत होत नाही, कारण मार्कशीट त्यांच्या कपाटात आहे.

---

पऱ्हाटीवाला

वरोऱ्याची ताई, मूळ कागद ठेवून घेनं कायद्यात बसते का? वकील कोनी असंन त सांगा.

---

संस्कृतचा मास्तर

बसत नाही, भाऊ. लेखी मागणी करावी, न दिल्यास पोलिसांत तक्रार करता येते. पोरीने एकटीने जाऊ नये, चौघांना घेऊन जावं.

जाता जाता एक. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितलेत, वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. त्याच्या अंगी सेवेचं ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी माया आणि स्वच्छता हवी असंही म्हटलंय. चार पायांच्या बाजेचा एक पाय तोडला तर ती लवंडते, आणि आपण दोष देतो तुटलेल्या पायालाच.

---

नाव नको

परिसेविका बाई, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या बाईंना सांगा, मला इतकंच ऐकायचं होतं. धागाकर्ती, तुमच्याबद्दल मी घाईने लिहिलं. तुमच्यावर हात टाकणाऱ्यांवर गुन्हा दाखल केलात का?

---

वैनगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पऱ्हाटीवाला भाऊ, तुमचं वाचून रडले. माफी कशाची मागता. बाहुली मोठी झाली हे सांगताना त्या सिस्टरला काय वाटलं असेल ते मला ठाऊक आहे. त्या एका क्षणासाठीच आम्ही नाईट करतो.

गुन्हा दाखल केलेला नाही. साहेब म्हणाले, गाव आहे, प्रकरण वाढवू नका. आणि ती आई रोज माझ्या डोळ्यासमोर येते. तिच्या भावाला जेलमध्ये घालून मी काय करू?

---

निवृत्त परिसेविका

ऐक पोरी. गुन्ह्याचं तू ठरव. पण २०१० चा आपल्या राज्याचा दवाखान्यातल्या मारहाणीविरुद्धचा कायदा सिस्टरलाही लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. तक्रार द्यायची नसेल तरी घडलेली घटना लेखी स्वरूपात कार्यालयात दे. नाहीतर उद्या म्हणतील, असं काही झालंच नव्हतं.

आता खुलाशाचं. माफीचा एक शब्दही लिहू नकोस. "अनवधानाने", "यापुढे दक्षता घेईन" असले शब्द आपल्याला लिहायची सवय असते, ते पुढे कबुली म्हणून वाचले जातात. वेळेच्या क्रमाने लिही. ३.०० आगमन, तपासणीत काय आढळलं. ३.०५ डॉक्टरांना फोन. तुझ्या मोबाइलमध्ये तो कॉल असेल, त्याचा फोटो काढून प्रिंट जोड. ३.१० दोन औषधं, मात्रा, मार्ग. मग पापण्या कधी दिसल्या, दुसरा फोन कधी, चाचणी कधी, लस कधी. मावशी हजर होती, तिने पहिला फोन ऐकला असेल तर तिची सही घे. ती घाबरेल, तिला सांग मी सोबत आहे. शेवटी त्या रात्रीची खाटांची संख्या, भरलेल्या खाटा, लेबर रूममधला पेशंट आणि ड्युटीवरच्या सिस्टरची संख्या लिही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. त्याबद्दल शेरा मारू नकोस, फक्त दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिही.

आणि इथे वाचणाऱ्या सगळ्या पोरींनो, फोनवरचा आदेश आला की तो मोठ्याने परत म्हणा, "सर, पॅन चाळीस, एमसेट चार, आयव्ही, बरोबर?" शेजारी जो कोणी असेल त्याला ऐकू जाऊ दे. मग "फोनवरून आदेश" असं लिहून वेळ टाका. डॉक्टर राउंडला आले की केसपेपर पुढे करा आणि सही झाल्याशिवाय हलू नका. ते चिडतील. चिडू द्या.

---

वैनगंगाकाठ

बाई, तुम्ही सांगितलं तसं केलं.

कॉलची नोंद सापडली. ३.०६, एक मिनिट बारा सेकंद. मावशीने सही केली. म्हणाली, "मी त आयकलं होतं, मले कोनी इचारलंच नाही." प्रती मागितल्या, पोच मिळाली.

खेड्यातला एमओ सर, तुम्ही म्हणालात तसं काल ओपीडी संपल्यावर साहेबांसमोर जाऊन बसले. ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मलाही मेमो आलाय, सिस्टर. तुम्हाला माहीत नव्हतं ना?" मला खरंच माहीत नव्हतं. त्यांनी अजून लिहून दिलेलं नाही. विचार करतो म्हणाले. मी बोलल्याचा मला पश्चात्ताप नाही.

आणखी एक गोष्ट. काल सकाळी ती आई ओपीडीत आली होती, धाकट्या मुलाला ताप होता म्हणून. मला बघून थबकली. मी केसपेपर घेतला, ताप मोजला, १०१ होता. मलेरियासाठी बोटातून रक्त घ्यायचं होतं. सुई हातात घेतली आणि माझा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, मग पोराचा हात धरून स्वतःच माझ्यापुढे केला. आम्ही दोघी काहीच बोललो नाही. जाताना मी एवढंच म्हटलं, "खाली झोपवू नका. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून." ती म्हणाली, "खाट घेतली बाई, इकत."

चौकशी गुरुवारी साडेअकराला आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. सकाळी आठला नाईट संपते, नऊची बस धरेन.

---

निवृत्त परिसेविका

नऊच्या बसने येऊ नकोस, रस्त्यात फाटकावर अडकते. नाईट कोणाशी तरी बदलून घे आणि झोपून ये. मी साडेदहापासून बसस्टँडवर रसवंतीजवळ उभी असेन. पांढरं लुगडं, हातात निळी फाइल. खुलाशाच्या तीन प्रती काढून आण.